वारीची गर्दी, मे महिन्याचं ऊन आणि काचेतल्या तरंगलांबी

आषाढी एकादशीच्या आधीचा आठवडा सोलापूर जिल्ह्यात मोबाइल आणि इंटरनेटचं जाळं सांभाळणाऱ्यांच्या कसोटीचा असतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे मुक्काम करत वाखरीला पोचते. तुकोबांची पालखी अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या वाटेने तिथेच येते. मुक्कामाच्या गावात संध्याकाळी लाखो माणसं उतरतात, घरी फोन लावतात, रिंगणाचे व्हिडिओ पाठवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच गाव मोकळं झालेलं असतं आणि सगळा भार पुढच्या मुक्कामी सरकलेला असतो. शेवटी तो पंढरपुरात येऊन साचतो. एरवी लाखभर वस्तीच्या या शहरात वाळवंटापासून ६५ एकरापर्यंत तंबू आणि माणसं दाटतात. एकादशी झाली, काला झाला की पुन्हा शहर नेहमीसारखं.

सोलापूर शहरातही हेच छोट्या प्रमाणात रोज घडतं. दिवसा पूर्व भागातली दुकानं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखाने, बँका आणि कॉलेजं इंटरनेट वापरतात. रात्री आठनंतर तोच वापर जुळे सोलापूर आणि विजापूर रोडच्या घरांकडे वळतो. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरली की होम मैदानाचा परिसर पंधरवडाभर गजबजतो. मागणी अशी जागा बदलत राहते. जमिनीतली फायबर मात्र जिथे पुरली तिथेच असते, आणि तिच्या टोकाला बसवलेली यंत्रंही ठरावीक क्षमतेची असतात. सरकत्या मागणीला न सरकणारं जाळं कसं पुरे पडावं, या प्रश्नाचं एक उत्तर फायबरमधून धावणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीत आहे. ते उत्तर सोलापूरसारख्या जिल्ह्याला कितपत लागू पडतं, ते नीट तपासण्यासारखं आहे.

आधी घरापर्यंत येणाऱ्या फायबरची रचना पाहू. एक्स्चेंजमध्ये एक मुख्य यंत्र असतं, त्याला ओएलटी म्हणतात. घरात भिंतीवर बसवलेली छोटी डबी म्हणजे ओएनटी. या दोघांमध्ये वीज लागणारं काहीच नसतं. एक फायबर निघते, खांबावरच्या किंवा पेटीतल्या स्प्लिटरमध्ये ती ३२ किंवा ६४ फाट्यांत विभागली जाते आणि प्रत्येक फाटा एका घरात जातो. वाटेत वीज लागत नाही म्हणून या पद्धतीला पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क, थोडक्यात पॉन, असं नाव आहे. लोडशेडिंग सोसणाऱ्या प्रदेशाला ही व्यवस्था फार सोयीची. दोन्ही टोकांना बॅटरी असली की मधल्या वीस किलोमीटरची काळजी उरत नाही.

आपल्याकडे सर्रास वापरात असलेला प्रकार म्हणजे जीपॉन. त्यात एक्स्चेंजकडून घरांकडे १,४९० नॅनोमीटरचा प्रकाश येतो, सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती घेऊन. घरांकडून एक्स्चेंजकडे १,३१० नॅनोमीटरचा प्रकाश जातो, सव्वा गिगाबिटच्या वेगाने. एकाच काचेत दोन्ही दिशांची वाहतूक चालते, कारण दोघांच्या तरंगलांबी वेगळ्या आहेत आणि टोकाचे फिल्टर त्यांना वेगळं करतात. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त असतो. म्हणूनच तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावून ‘लाइट येतोय का’ हे कुणीही, कधीही पाहू नये.

एका फायबरवर ३२ घरं असली तर ती एकाच वेळी बोलू शकत नाहीत. त्यांचा प्रकाश स्प्लिटरमध्ये एकमेकांत मिसळेल. मग उपाय काय, तर उजनीच्या कालव्यावर असते तशी पाळी. कोणत्या घराने कधी आणि किती वेळ पाठवायचं हे ओएलटी ठरवतं, आणि ज्याच्याकडे पाठवायला जास्त आहे त्याला जास्त वेळ देतं. ही वाटणी सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटीत होते. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे वीस किलोमीटरवरच्या घराचा संदेश यायला १०० मायक्रोसेकंद लागतात, शेजारच्या घराचा जवळपास लगेच येतो. म्हणून ओएलटी प्रत्येक घराचं अंतर आधी मोजून ठेवतं आणि त्या हिशेबाने पाळी देतं. हे काम इतकं बिनबोभाट चालतं की वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण पाळी कितीही हुशारीने लावली तरी एकूण क्षमता तेवढीच राहते. अडीच गिगाबिट ३२ जणांत वाटायचे आणि ३२ जण एकाच वेळी मागायला लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८० मेगाबिटसुद्धा येत नाहीत. घरासाठी एवढं पुष्कळ झालं. मात्र त्या ३२ फाट्यांपैकी दोन मोबाइल मनोऱ्यांना जात असतील आणि मनोऱ्याखाली वारी उतरली असेल, तर गणित कोसळतं.

इथे काचेची खरी श्रीमंती लक्षात घ्यायला हवी. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश कितीतरी किलोमीटर नेता येईल. त्या कामासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. महाराष्ट्राचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत काचेच्या कांडीपासून केसाइतकी बारीक फायबर ओढण्यापर्यंतचं काम चालतं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये १,३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल आणि १,५५० च्या आसपास फक्त ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. १,२६० पासून १,६२५ नॅनोमीटरपर्यंतचा सगळा पट्टा वापरण्याजोगा आहे. त्यातल्या दोन झोतांवर जीपॉनचं काम भागतं. बाकीचा पट्टा, खणून, पुरून, पैसे मोजून झाल्यावरही, रिकामा असतो.

त्या रिकाम्या पट्ट्यात आणखी तरंगलांबी सोडायच्या आणि गरजेप्रमाणे त्या वाटायच्या, ही लवचिक तरंगलांबी व्यवस्थापनामागची कल्पना. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०१३ ते २०१५ या काळात जी.९८९ या नावाने तिचं मानक तयार केलं. एनजी-पॉन२ हे तिचं व्यवहारातलं नाव. त्यात एकाच फायबरवर चार तरंगलांबी, प्रत्येकीवर दहा गिगाबिट, मिळून चाळीस. घरांकडे येणारा प्रकाश १,५९६ ते १,६०३ नॅनोमीटरच्या पट्ट्यात, घरांकडून जाणारा १,५२४ ते १,५४४ च्या. जीपॉनच्या तरंगलांबी यापासून दूर असल्यामुळे जुने ग्राहक जुन्याच डबीवर, त्याच काचेतून चालू राहतात.

यातली खरी नवलाई चाळीस या आकड्यात नाही. घरातली डबी आपली तरंगलांबी बदलू शकते, हे त्यातलं खरं नवं. सुरुवातीला ती एक शब्दही बोलत नाही. ती आपला फिल्टर फिरवत वरून येणाऱ्या झोतांपैकी एखादा पकडते. त्या झोतावर ओएलटी सतत जाहीर करत असतं की या फायबरवर कोणकोणत्या वाटा, म्हणजे तरंगलांबी, आहेत आणि वर पाठवायला कोणती तरंगलांबी चालेल. ते समजल्यावरच डबी आपला लेझर त्या तरंगलांबीवर आणते आणि ओळख देते. आधी ऐकायचं, मग बोलायचं, हा क्रम मोडला तर चुकीच्या तरंगलांबीवर सुटलेला एकच लेझर शेजारच्या वाटेवरच्या सगळ्या ग्राहकांचं बोलणं बिघडवू शकतो. पुढे कधी ओएलटीला वाटलं की पहिल्या वाटेवर गर्दी झाली, तर ते एखाद्या डबीला तिसऱ्या वाटेवर जायला सांगतं. डबी होकार देते, ठरलेल्या क्षणी गप्प होते, लेझर आणि फिल्टर नव्या जागी नेते आणि पोचल्याचं कळवते. जमलं नाही तर जुन्या वाटेवर परत येते. या बदलाला किती वेळ लागावा याचे मानकात तीन वर्ग आहेत. सर्वांत चपळ दहा मायक्रोसेकंदांच्या आत, मधला २५ मिलिसेकंदांपर्यंत, सावकाश एका सेकंदापर्यंत. मधल्या वर्गाचीही फिरवाफिरव फोनवर बोलणाऱ्याला जाणवत नाही.

याचे उपयोग बरेच आहेत. एका वाटेचं कार्ड बिघडलं तर त्यावरची घरं दुसऱ्या वाटेवर हलवता येतात, दुरुस्तीवाला येईपर्यंत कुणी अडून राहत नाही. पहाटे तीनला सगळी घरं एका वाटेवर गोळा करून एक्स्चेंजमधले बाकीचे तीन लेझर बंद ठेवता येतात, वीज वाचते. सुरुवातीला एकच वाट चालू करून ग्राहक वाढतील तशा इतर वाढवता येतात. आणि मोबाइल मनोऱ्याला स्वतःची वेगळी तरंगलांबी देता येते, म्हणजे त्याला पाळीची वाट पाहावी लागत नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी यातला शेवटचा उपयोग सर्वांत मोलाचा आहे.

वारीच्या संदर्भात मात्र एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माळशिरसमधली रिकामी झालेली वाट या तंत्राने थेट पंढरपूरला जात नाही. या चार तरंगलांबी एका फायबरच्या झाडापुरत्या असतात, त्या झाडावरच्या फाट्यांमध्येच त्या फिरतात. पंढरपुरातल्या झाडावर एरवी एक वाट चालू ठेवून आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना बाकीच्या तीन उघडायच्या, असं करता येईल. तालुक्या-तालुक्यांमधली क्षमता हलवायची तर ते काम वरच्या पातळीवर, जिल्ह्याच्या मुख्य फायबर-कड्यावर (रिंगवर) करावं लागतं. तिथे तरंगलांबी वळवणारे स्विच असतात. २०१२ पासून तिथलं मानकही इतकं लवचिक झालं आहे की १२.५ गिगाहर्ट्झच्या पटीत हवी तेवढी रुंद वाट आखता येते. खालचं झाड आणि वरचं कडं या दोन्ही ठिकाणी लवचिकता असली, तरच पालखीमागोमाग क्षमता सरकेल.

आता उन्हाकडे येऊ. या विषयावरच्या बहुतेक लिखाणात तापमानाचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला असतो. सोलापुरात तो मुख्य मुद्दा आहे.

लेझरची तरंगलांबी तापमानाबरोबर सरकते. चांगल्या प्रतीच्या डीएफबी लेझरमध्ये ती अंशामागे साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते. स्वस्त फॅब्री-पेरो लेझरमध्ये त्याच्या काही पट. सोलापुरात मे महिन्यात सावलीतलं तापमान ४४ अंशांच्या घरात जातं, पत्र्याखालच्या भिंतीवर टांगलेल्या डबीच्या आत ते आणखी वर असतं. जानेवारीच्या पहाटे तीच डबी पंधरा अंशांना असते. फरक तीस अंशांचा धरला, तरी डीएफबी लेझर तीन नॅनोमीटर सरकतो. एनजी-पॉन२ मध्ये शेजारशेजारच्या दोन वाटांमधलं अंतर शंभर गिगाहर्ट्झ, म्हणजे या पट्ट्यात अवघं ०.८ नॅनोमीटर असू शकतं. म्हणजे लेझरला मोकळं सोडलं तर जानेवारीत पहिल्या वाटेवर असलेली डबी मेपर्यंत चारही वाटा ओलांडून पलीकडे गेलेली असेल.

जीपॉनच्या आखणीत घरांकडून येणाऱ्या प्रकाशाला १,२६० ते १,३६० नॅनोमीटर असा शंभर नॅनोमीटरचा ऐसपैस पट्टा का दिला होता, ते इथे उलगडतं. घरातल्या डबीत स्वस्त, थंड न केलेला लेझर बसवता यावा आणि तो ऋतूप्रमाणे हवा तिकडे सरकला तरी चालावं, ही त्यामागची सोय होती. तीस अंशांत दहा-पंधरा नॅनोमीटर इकडेतिकडे झाले तरी तो पट्ट्याच्या आतच राहतो. पट्ट्याचा अपव्यय करून डबी स्वस्त ठेवली, आणि म्हणूनच ती घरोघरी पोचली. पट्टा काटकसरीने वापरायचा म्हटलं की लेझरला एका जागी धरून ठेवावं लागतं आणि डबी महाग होते.

धरून ठेवायचे दोन मार्ग. एक, लेझरखाली विजेवर चालणारा छोटा शीतक बसवायचा. तो एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला ढकलतो, पण त्यासाठी वीज खातो, आणि बाहेर जितकं तापलेलं तितकी जास्त. नेमकी भर दुपारी लाइट गेली की डबीची बॅटरी त्या शीतकामुळेच लवकर उतरणार. दुसरा मार्ग उलटा आहे. लेझरला बाहेरच्या कमाल तापमानापेक्षाही गरम ठेवायचं आणि एका सूक्ष्म हीटरने ते तापमान स्थिर राखायचं. हा स्वस्त पडतो, पण गरम लेझर कमी प्रकाश देतो आणि लवकर थकतो. शिवाय एक बारीक अडचण आणखी आहे. पाळी आली की लेझर चालू होतो, त्या क्षणी तो स्वतःच्याच विजेने तापतो आणि त्याची तरंगलांबी किंचित सरकते. ती मायक्रोसेकंदांत सावरावी लागते. या सगळ्याची किंमत घरातल्या प्रत्येक डबीवर पडते, एक्स्चेंजमध्ये एकदाच मोजून भागत नाही.

जगात पुढे जे घडलं त्यात या किमतीचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत व्हेरायझन कंपनीने फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात २०१८ मध्ये एनजी-पॉन२ प्रत्यक्ष आणलं. बहुतेक कंपन्यांनी मात्र एक्सजीएस-पॉन निवडलं. २०१६ च्या या मानकात जाताना १,२७० आणि येताना १,५७७ नॅनोमीटर अशा दोनच ठरलेल्या तरंगलांबी, दोन्ही दिशांना दहा गिगाबिट आणि फिरवायचं काही नाही. २०२१ मध्ये ५० गिगाबिटच्या पॉनचं मानक आलं, तेही १,३४२ नॅनोमीटरच्या एका ठरलेल्या झोतावर. घरातली डबी वाटा बदलेल हे स्वप्न तूर्त मागे पडलं आहे. एकाच काचेत पिढ्या एकत्र नांदवण्याची रीत मात्र रुळली. जीपॉन, एक्सजीएस आणि ५० गिगाबिट तिन्ही एका फायबरवर चालू शकतात, ज्या ग्राहकाला जे हवं ते. क्षणोक्षणी न हलणारं, पण वर्षांच्या मोजमापात हलणारं हेही तरंगलांबीचं व्यवस्थापनच आहे, आणि मला ते आपल्यासाठी जास्त व्यवहार्य वाटतं.

सोलापूर जिल्ह्यात याचा संबंध थेट भारतनेटशी येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या योजनेत विकास गटाच्या (ब्लॉकच्या) ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची होती, आणि पहिल्या टप्प्याची यंत्रणा जीपॉनची होती. महाराष्ट्रात दुसरा टप्पा महानेट या नावाने राज्याच्या महाआयटीने हाती घेतला. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या अकरा तालुक्यांत रस्त्याच्या कडेला पुरलेली केबल हा या योजनांचा सर्वांत टिकाऊ भाग आहे. डब्या, कार्डं, राउटर काही वर्षांत जुने होतात. नीट पुरलेली काच दशकानुदशकं राहते, आणि रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने तोडली नाही तर तिला काही होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात एकेरी फाट्यांऐवजी कड्याची रचना आली, म्हणजे केबल एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने संपर्क राहावा. हा बदल योग्य दिशेचा आहे. तुटण्याच्या प्रश्नावर काचेची दुसरी वाटच लागते, तिथे तरंगलांबी उपयोगी पडत नाही.

क्षमतेच्या प्रश्नावर मात्र नव्याने खणायच्या आधी जुन्या काचेतला रिकामा पट्टा पाहायला हवा. त्यासाठी एकच हिशेब महत्त्वाचा, प्रकाशाचा. जीपॉनच्या नेहमीच्या वर्गात एक्स्चेंजपासून डबीपर्यंत २८ डेसिबलची घट चालते. ३२ फाट्यांचा स्प्लिटर प्रकाश पाच वेळा अर्धा करतो, त्यात सुमारे १७ डेसिबल जातात. वीस किलोमीटर काचेत सात. उरलेल्या चारांत सगळे जोड, सगळे कनेक्टर आणि खांबावर केबलला पडलेले पीळ. नव्या पिढीचा प्रकाश त्याच काचेत मिसळायला आणखी एक फिल्टर लागतो, तोही डेसिबलभर खातो. फायबर टाकतानाच घट काठोकाठ भरली असेल, तर पाच वर्षांनी नवी तरंगलांबी आणायला जागाच उरत नाही. लवचिकता आधी लागते ती इथे, स्प्लायसिंग करणाऱ्याच्या हातात. घाईघाईने केलेला एक वाईट जोड पुढच्या पिढीची वाट अडवून ठेवतो.

म्हणून ज्यांच्या गावात, सोसायटीत किंवा कारखान्यात येत्या काळात फायबर येणार आहे त्यांना माझी विनंती आहे. जोडणीवाल्याला फक्त स्पीड किती हे विचारून थांबू नका. डबीपाशी पॉवर मीटर लावायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. जीपॉनची डबी उणे २७ डीबीएमपर्यंत चालते, पण उणे २०-२२ असेल तर पुढे वाढायला जागा आहे. उणे २६ असेल तर जोड पुन्हा करायला सांगा. स्प्लिटर किती फाट्यांचा आहे आणि पेटीत किती मोकळ्या फायबर ठेवल्या आहेत, हे विचारा. डबी उन्हाच्या भिंतीवर किंवा पत्र्याखाली बसवू देऊ नका. ग्रामपंचायतीने रस्त्याचं काम काढण्यापूर्वी केबल कुठून गेली आहे याचा नकाशा ठेकेदाराच्या हातात द्यावा. आणि पंढरपूर, वाखरी, वेळापूरसारख्या मुक्कामाच्या गावांतल्या मनोऱ्यांना स्वतंत्र तरंगलांबी मिळावी, ही मागणी जिल्हा प्रशासनाने वारीच्या नियोजनाच्या बैठकीत टेलिकॉम कंपन्यांपुढे ठेवावी.